लिनक्स डिस्ट्रोत तक्रार नोंदवली की डेव्हलपर इतके तुटक का बोलतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका लिनक्स डिस्ट्रोत (म्हणजे फुकट मिळणाऱ्या, लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका संचात) बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, नोंदवला, आठ दिवसांनी डेव्हलपरचं दोन ओळींचं उत्तर आलं आणि तक्रार बंद झाली. फुकट देतात म्हणून कसंही बोलायचं का, आणि आता डिस्ट्रो बदलावी का?

त्या दोन ओळींसाठी तरी बदलू नका. मी काही प्रोग्रॅमर नाही. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरला तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. सकाळी उतारे, दुपारी अर्ज, संध्याकाळी लग्नपत्रिका. दोन्ही मशिनवर डेबियन या मोठ्या, स्वयंसेवकांच्या डिस्ट्रोवर बेतलेली एक छोटी डिस्ट्रो आहे, नाव सांगत नाही. तिच्यावर मीही तुमच्यासारखाच भडकलो होतो.

ऐन लग्नसराईत अपडेट घेतलं (ही चूक माझीच). दुसऱ्या दिवशी नंदगडचे एक काका पत्रिकेचं प्रूफ बघून म्हणाले, "ही हिंदी पत्रिका कुणाची ओ?" बघतो तर 'ल' आणि 'श' बदललेले. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला ठरवली तीही तशीच. छापून आला होता दंडाचा ल. पुण्यात कुणी लक्षही दिलं नसतं. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर कन्नड ६० टक्के आहे का हे बघतात, तिथे अक्षराचं वळण कुणाच्या नजरेतून सुटणार?

मग मी बग लिहिला. लिहिला कसला, अर्जच केला. वीस वर्षं अर्ज टाइप करून हात तसाच वळतो: वर विषय, मग "गेली सहा वर्षे आपली डिस्ट्रो वापरत असून", मधे मराठीवरच्या अन्यायाचा एक परिच्छेद, शेवटी "तरी तातडीने कार्यवाही व्हावी". सगळं इंग्रजीत आणि तीव्रता 'क्रिटिकल'. उत्तर आलं: माझ्याकडे बरोबर दिसतंय, फॉन्ट कुठला, आवृत्ती कुठली, फाईलची भाषा काय ठेवली आहे? वर 'मोअरइन्फो'चं, म्हणजे 'आणखी माहिती हवी'चं लेबल. मला वाटलं, टाळतोय. तीन आठवडे उत्तरच दिलं नाही आणि तक्रार बंद झाली.

आषाढात धंदा थंडावला तेव्हा पुन्हा वाचलं. फाईलची भाषा बघितली तर हिंदी! आधी मराठीसाठी वेगळा फॉन्ट यायचा, त्यामुळे भाषा काहीही असली तरी ल पाकळीचाच दिसायचा. अपडेटनंतर सगळ्या देवनागरीला मिळून एकच फॉन्ट आला आणि तो फाईलची भाषा बघून वळण निवडतो. लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखा फुकट प्रोग्रॅम) भाषा मराठी केली, पाकळ्या परत आल्या. म्हणजे जो प्रश्न मला उर्मट वाटला, त्यातच उत्तर होतं.

अर्जाची सवय इथे आडवी येते. कचेरीत पलीकडे साहेब असतो, त्याला पगार असतो, आपण पोच घेतली की त्याच्यावर दडपण येतं. इथे साहेबच नाही. डेबियनच्या १९९८ च्या संविधानात स्पष्ट लिहिलंय की प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन कुणावरही नाही. नेमून दिलेलं कामही करायचं नसेल तर करू नये. तुमचं "तातडीने" कुणाला लागू होणार? पण त्याच्या आदल्या वर्षीच्या सामाजिक करारात दुसरं एक वचन आहे: आम्ही अडचणी लपवणार नाही, बगची नोंदवही सगळ्यांना उघडी राहील. म्हणून 'बंद' म्हणजे फाईल गहाळ नव्हे. ती दिसते, तिच्याखाली लिहिता येतं, ती पुन्हा उघडता येते. एवढी सोय कुठल्या कचेरीत बघितलीय?

तीव्रतेचंही तसंच. डेबियनमध्ये क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस हे तीन वरचे वर्ग नवी आवृत्ती अडवू शकतात, म्हणून माझ्यासारख्याने ल साठी 'क्रिटिकल' लावलं की ते वैतागतात. आणि दुरुस्ती झाली तरी ती तुमच्या स्टेबल, म्हणजे स्थिर आवृत्तीत येईलच असं नाही. तिथे मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर दुरुस्त्याच घेतात. बाकीच्यांसाठी पुढच्या आवृत्तीची, म्हणजे साधारण दोन वर्षांची वाट.

डेव्हलपर नेहमी बरोबर असतात असं मात्र नाही. दुकानदाराला "पॅच पाठवा", म्हणजे दुरुस्तीचा कोड तूच लिहून दे, असं म्हणणं ही चक्क टोलवाटोलवी. लॅपटॉपचं वायफाय इन्स्टॉल करतानाच चालत नाही, ही ओरड डेबियनकडे वर्षानुवर्षे होती. त्या चिपांचं फर्मवेअर (चिप चालवणारा आतला प्रोग्रॅम) मुक्त, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येईल असं, नाही म्हणून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते ठेवत नसत. तत्त्व म्हणून ठीक, पण नव्या माणसाने इंटरनेटशिवाय काय करायचं? शेवटी त्यांच्यातल्याच एका जुन्या माणसाने हा विषय लावून धरला, २०२२ मध्ये मतदान झालं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. बाहेरची ओरड नुसती साठत गेली होती. आत कुणीतरी ती आपली मानली तेव्हा हललं.

माझ्या बगचं पुढे असं झालं. चूक कबूल करून मी लिहिलं, फॉन्ट बदलताना भाषेबद्दल एक ओळ तरी सांगायला हवी होती. तो म्हणाला, हे खरं, ओळ तूच लिहून दे. मी दोन वाक्यं दिली, त्याने एक कापलं आणि दुसरं पॅकेजच्या सूचनेत घातलं. "थँक्स" एवढंच उत्तर, तेही एका शब्दाचं.

तुम्ही नवी तक्रार उघडू नका, त्याच जुन्या तक्रारीखाली लिहा: आवृत्ती, काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. तीव्रता एक पायरी उतरवा. डेबियनची नोंदवही असेल तर घाई करा, कारण बंद झालेला बग शांत पडून राहिला की २८ दिवसांनी कपाटात (अर्काइव्हमध्ये) जातो आणि मग आधी तो बाहेर काढावा लागतो. आणि त्या दोन ओळी होत्या तरी काय? जमलं तर खाली जशाच्या तशा टाका, बघून सांगतो.