पाहुण्याला मिसळ खायला न्या, पण तर्री वेगळी मागा

तुमचा परदेशातला सहकारी पुढच्या महिन्यात नाशिकला येतोय. भारतातलं सगळंच जेवण जाळ तिखट असतं अशी त्याची समजूत आहे, तर त्याला मिसळ खायला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर न्या.

मुळात ‘स्पायसी’ हा एकच शब्द तो दोन गोष्टींना वापरतो. आपल्याकडे मसालेदार वेगळं आणि तिखट वेगळं. आमच्या काळ्या मसाल्यात धणे, सुकं खोबरं, भाजलेला कांदा, दगडफूल, लवंग, दालचिनी असतं. यातलं काहीही मिरचीसारखं झोंबत नाही. रस्सा काळाकुट्ट दिसतो तो मसाला खमंग भाजल्यामुळे. झोंबते ती मिरची, आणि ती कोणती नि किती घालायची हे घराघरावर असतं.

आई उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायची तेव्हा मिरच्या घ्यायला मला भद्रकालीत न्यायची. बेडगी भरपूर, लवंगी अगदी मोजून. सुरकुतलेली, गडद लाल बेडगी हातात घेऊन म्हणायची, ‘ही रंगाला.’ लवंगीकडे बोट दाखवून, ‘ही तिखटाला.’ डंकावरून डबा घरी आला की झाकण उघडताच ठसका लागायचा, पण त्याच मसाल्याची आमटी आम्ही पोरं भुरकून प्यायचो. मिरचीतलं रंगाचं द्रव्य वेगळं आणि जाळणारं कॅप्सेसिन वेगळं, हे मला फार पुढे कळलं. आईला ते हातानं माहीत होतं. त्यामुळे लाल रंग पाहूनच कुणी ताट मागे सारलं की मला खरंच वाईट वाटतं.

आणि मिरची तरी आपली कुठे? ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. आजही वरण-भात-तूप, उकडीचे मोदक, गोडसर गुजराती डाळ हेही भारतीय जेवणच आहे, हे त्याला आवर्जून सांगा.

बाकी सवयीचा भाग मोठा. खान्देशातले आमचे पाहुणे इथली मिसळ खाऊन ‘तिखट कुठंय?’ विचारतात. उलट मागे मुंबईहून आलेला एक पाहुणा दुसऱ्याच घासाला घामाघूम झाला, तांब्याभर पाणी प्यायला, तरी आग थांबेना. थांबणार कशी? कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणूनच मिसळीचा खरा जाळ वर तरंगणाऱ्या तर्रीत असतो, आणि म्हणूनच पाण्यापेक्षा दूध-दही कामी येतं.

तेव्हा ऑर्डर देतानाच सांगा, रस्सा वेगळा आणि तर्री न घालता. दह्याची वाटी आधीच मागवून ठेवा. सुरुवातीला मटकी, फरसाण, कांदा, लिंबू एवढंच पावाबरोबर खाऊ द्या. मग रस्सा एकेक चमचा. तर्री त्यानं स्वतःहून मागितली तरच.