ग्वाल्हेरहून बडोद्याला, बागमार्गे

इंदूर

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची स्थळांची यादी मिळाली. ग्वाल्हेरहून मोटारीने निघायचे, इंदूरला माझ्याकडे मुक्काम करायचा आणि पुढे बडोदे गाठायचे, हा तुम्हा मित्रमंडळींचा बेत मला मनापासून आवडला. यादी मात्र तितकीशी आवडली नाही. एका दिवसात दोन राजवाडे, छत्र्या, मंदिर आणि संग्रहालय असा कार्यक्रम पार पडतो खरा, पण त्यातून हाती फोटोंपलीकडे काही लागत नाही. शिंदे, होळकर आणि गायकवाड यांच्या राजधान्या एकाच प्रवासात पाहणाऱ्याने झुंबरांची तुलना करण्यात दिवस घालवू नयेत.

संग्रहालयातली वस्तू बहुधा दुसरीकडून आणलेली असते. तिच्या पाटीवर नाव आणि शतक यांच्या जोडीला प्राप्तिस्थान दिलेले असते, आणि बहुतेक लोक नेमकी तीच ओळ वाचायची सोडतात. तुमच्याकडे गाडी आहे, तेव्हा वस्तू आणि तिचे मूळ गाव अशी जोडी लावून पाहणे तुम्हाला शक्य आहे. माझा सल्ला खरे तर एवढाच आहे. पुढचा सगळा त्याचा तपशील.

ग्वाल्हेरला किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गुजरी महालापासून सुरुवात करा. मानसिंह तोमराच्या या महालात १९२२ साली संस्थानचे पुरातत्त्व अधिकारी मो. ब. गर्दे यांनी संग्रहालय उभे केले. तेथील ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे एका सुंदरीची दगडी मूर्ती, प्रसिद्ध आहे आणि ती अवश्य पाहावी. परंतु तुमच्या वाटेच्या दृष्टीने अधिक मोलाच्या आहेत त्या धारजवळच्या बाग या गावच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती. बाग त्या काळी ग्वाल्हेर संस्थानात होते. दगड ठिसूळ, त्यात पाणी झिरपलेले, आणि ओसरी कोसळल्यामुळे उघडी पडलेली चित्रे झपाट्याने नष्ट होत होती, म्हणून १९२१ साली त्यांच्या प्रती करवून घेण्यात आल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांच्याबरोबर त्या कामावर आपटे, भोसले, भांड आणि जगताप हे आपल्याकडचे चित्रकारही होते, याची आठवण आपल्याच लोकांना फारशी नसते. दुःखावेगाने रडणारी स्त्री आणि तिचे सांत्वन करणारी सखी, टिपऱ्या घेऊन फेर धरणारा समूह, हत्ती-घोड्यांची मिरवणूक, एवढी तीन चित्रे नीट पाहा. हातात वही असू द्या आणि कोण कोणाकडे पाहते आहे, एवढेच टिपून घ्या.

मग गुजरी महालाजवळच्या दरवाजाने पायी किल्ला चढा. वाटेत एकाच दगडात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजच्या हारांची संख्या ५० नोंदलेली आहे. त्या आकड्यांतले शून्य आजच्यासारखेच लहान गोल आहे. ही वस्तू अजून जागच्या जागी आहे, म्हणून तिच्यासाठी धाप लागली तरी हरकत नाही.

शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास या मार्गाने इंदूर सुमारे पाचशे किलोमीटर पडते. त्या दिवशी शिवपुरीच्या शिंद्यांच्या छत्र्यांखेरीज काही पाहण्याचा आग्रह धरू नका. इंदूरचा राजवाडा तुम्ही पाहालच. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, आणि १९८४ च्या दंगलीत तो जळाला होता, हे ठाऊक असले म्हणजे जुने कोणते आणि नव्याने बांधलेले कोणते हे शोधत फिरता येते. होळकरांच्या लालबाग राजवाड्यासाठी तासभर पुरे. केंद्रीय संग्रहालयाला मात्र अर्धा दिवस द्या, कारण हिंगलाजगढच्या परमारकालीन मूर्तींसाठी आमच्या शहरातले लोकही क्वचितच वेळ काढतात.

बडोद्याला जाण्यासाठी दाहोद-गोध्र्याचा रस्ता सोयीचा, यात शंका नाही. तरीही तुम्ही धारवरून बागेकडे वळावे आणि पुढे कुक्षी, अलीराजपूर, छोटा उदेपूरमार्गे जावे. मूळ नऊ लेण्यांपैकी पाच उरली आहेत. चौथ्या लेण्याला रंगमहाल म्हणतात. भिंतींवर आता फारच थोडे दिसते, आणि ग्वाल्हेरला वही भरली नसेल तर तुमची निराशाच होईल. वही असेल, तर रडणारी स्त्री कोठे बसली असेल आणि मिरवणूक कोणत्या दिशेने चालली असेल, याचा अंदाज त्या लांबलचक भिंतीसमोर उभे राहून बांधता येईल. बरोबर विजेरी ठेवा, पण भिंतीला हात लावू नका. तेथून दिवसाउजेडीच निघा.

बागेत प्रती करणाऱ्या नंदलाल बोसांनीच पुढे १९३९ ते १९४६ या काळात बडोद्याच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, गंगावतरण, मीराबाई, रवींद्रनाथांचे नाटक ‘नटीर पूजा’ आणि महाभारत या विषयांवर चार भिंती रंगवल्या. बागेतली माणसांची दाटी आणि गती तुम्हाला तेथे दिसते का, हे माझे मत न विचारता तुम्हीच ठरवा. दालन उघडे असते की नाही, याची चौकशी मात्र आधी करा. सयाजीबागेतल्या संग्रहालयात ममी आणि देवमाशाचा सांगाडा यांच्यापाशी गर्दी असते. तुम्ही अकोट्याच्या जैन धातुमूर्तींकडे जा. अकोटा आता बडोदे शहरातच आहे, त्यामुळे या जोडीसाठी वेगळी वाट वाकडी करावी लागत नाही.

शेवटी वारांचे गणित. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थळसंग्रहालये शुक्रवारी. म्हणून गुरुवारी ग्वाल्हेर पाहा, शुक्रवार प्रवासात घालवा, शनिवार-रविवार इंदूरला राहा, सोमवारी बाग करून मुक्कामाला बडोदे गाठा आणि मंगळवारपासून तेथील संग्रहालये हाती घ्या. शुक्रवारी रात्री मी जेवायला थांबेन, पण देवास ओलांडल्यावर फोन करा, म्हणजे पोळ्या गरम मिळतील.

तुझा हितचिंतक