सासूबाई हट्टी झालेल्या नाहीत, त्यांची आंघोळ राहिली आहे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासूबाई ८१ वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला, आणि ३ आठवड्यांपूर्वी त्या गावाकडच्या घराऐवजी थेट तुमच्या पुण्याच्या फ्लॅटवर आल्या. दिवसा १२ तास ब्युरोची मावशी आहे. तुमचं म्हणणं असं, की त्या आंघोळ करून घेत नाहीत, सकाळचं काही खात नाहीत, मधुमेह असून एकादशी सोडत नाहीत, मावशीच्या हातचं पाणी पीत नाहीत आणि गेले ४ दिवस रात्री बडबडतात. शेवटी लिहिलंय, "फार हट्टी झाल्यात, आम्ही थकलो."

मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर होते. निवृत्तीनंतर घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघते. तुमचा थकवा मला कळतो. पण यातली एक गोष्ट उद्याच्या पुढे ढकलू नका, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

रात्रीची बडबड. मामंजींना हाक मारतात, गोठ्यातली गाय सोडायला उठू बघतात, आणि दिवसा पुन्हा बऱ्यापैकी शुद्धीत असतात, असं तुम्ही लिहिलंय. ४ दिवसांत सुरू झालेला आणि दिवसभरात कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे वय नव्हे. स्मृतिभ्रंश असा चार दिवसांत येत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूवर शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी बिघाडाचा ताण येतो तेव्हा असं होतं, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर हे खूपदा दिसतं. लघवीत जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, पोट साफ न होणं, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर उतरणं, न सांगितलेलं दुखणं, नवं औषध, यांपैकी काहीही असू शकतं. तुम्ही दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू असल्याचं लिहिलंय. त्याने पोट घट्ट होतं, काही वृद्धांना भ्रम होतो, सोडियमही उतरू शकतं. मनाने गोळी बंद करू नका, पण डॉक्टरांना उद्याच फोन करून "४ दिवसांपासून नवीन गोंधळ आहे" या शब्दांत सांगा. शौचाला शेवटचं कधी झालं, दिवसात लघवी किती वेळा होते, कोणत्या गोळ्या कधीपासून चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. झोप अनावर झाली, ताप आला, बोलणं अडखळलं किंवा तोंड-हात एका बाजूला लुळं वाटलं, तर उद्याचीही वाट न बघता दवाखाना गाठा.

तोवर रात्री मंद दिवा ठेवा. चष्मा आणि कानाचं यंत्र दिवसभर लावा, डब्यात ठेवू नका. गाय सोडायला निघाल्या तर "आता कुठली गाय, ती कधीच विकली" असं म्हणू नका. "गाय बांधली आहे, वैरण टाकली आहे, तुम्ही पडा" एवढं म्हणा. आणि बांधून ठेवायचा विचार तर मनातही आणू नका. बांधलेला माणूस जास्त बिथरतो.

आता आंघोळ आणि न्याहारी. तुम्ही या दोन तक्रारी वेगळ्या लिहिल्यात, मला ती एकच दिसते.

सासूबाई गावी किती वाजता आंघोळ करत होत्या? तुम्हीच लिहिलंय, पहाटे पाचला. मग देवपूजा, तुळशीला पाणी, आणि मग तोंडात चहा. साठ-पासष्ट वर्षं हा क्रम आहे. तुमच्याकडे मावशी ९ ला येते, ११ च्या सुमारास ओल्या फडक्याने अंग पुसते. सासूबाईंच्या लेखी पुसणं म्हणजे आंघोळ नाही. आंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून अन्न नाही. मग उपाशीपोटी मधुमेहाची गोळी जाते. त्या हट्ट करत नाहीत ताई, त्या आपल्या क्रमाची वाट बघत बसल्या आहेत.

मिरजेकडे एका मुस्लिम आजींचं मी बघत होते. मी त्यांना खाला म्हणायची. ऑपरेशननंतर खाला चहाला हात लावेनात. सगळ्यांना वाटलं भूक मेली. बेडपॅन दिल्यावर आम्ही कागदाने कोरडं पुसत होतो. पाण्याने धुतल्याशिवाय त्या स्वतःला पाक, म्हणजे शुद्ध, समजत नव्हत्या, नमाज चुकत होती, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. त्यांच्या सुनेने ते ओळखलं, मी नाही. मग बेडपॅनवरच कोमट पाण्याचा मग ओतून धुवायला सुरुवात केली आणि पलंगावर बसूनच नमाज होऊ लागली. दोन दिवसांत खाला पाव मागून खायला लागल्या. तेव्हापासून नव्या घरी गेले की आजाराच्या आधी मी विचारते: "आजारी पडण्याआधी तुमची सकाळ कशी जायची?"

तुमच्याकडे टाके निघालेत, जखम कोरडी आहे आणि त्या वॉकरवर ८-१० पावलं टाकतात. सर्जनने पाणी लावायला हरकत नाही म्हटलं असेल, तर बाथरूममध्ये हात असलेली उंच, भक्कम खुर्ची ठेवा, खाली रबरी पट्टी टाका. बादली स्टुलावर ठेवा म्हणजे वाकावं लागणार नाही. तांब्या त्यांच्याच हातात द्या. सोबतच्या बाईने पाठ आणि पाय धुवावेत, बाकीचं अंग त्यांचं त्या धुतील. अंगावर जुनं सुती लुगडं असू दे, ते भिजलं तरी चालेल. अख्खं अंग उघडं टाकून आंघोळ घालणं दवाखान्यात चालतं, सासूबाईंना ते मरणप्राय आहे. मावशी येण्याआधी, सकाळी साडेसहाला, हे तुम्ही किंवा तुमच्या नणंदेने निदान आठवडाभर करून पाहा. रोज जमणार नसेल तर एक दिवसाआड करा. मधल्या दिवशी हातपायांवर तांब्याभर पाणी ओतून, तोंड धुऊन, धुतलेलं लुगडं नेसवा. बहुतेक जणी तेवढ्यावर समाधान मानतात.

गाऊनबद्दल तुम्ही विचारलंय. वरचा भाग पुढून उघडणारा गाऊन आणि त्यावर पदर, हा मधला मार्ग खूप घरांत चालतो. पण चालताना नऊवारी त्रासाची होईल ही भीती काढून टाका. काष्टा घातलेलं लुगडं पायात येत नाही, पायात येतात त्या पाचवारीच्या निऱ्या आणि लांब गाऊनचा घेर. जरा आखूड नेसवा, एवढंच.

पूजेचं आणखी एक. मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाटावर बसणं सर्जनने बंद केलंय, ते कसोशीने पाळा. बदललेला सांधा फार वाकला की निखळू शकतो. मग पूजा बंद करायची का? देव वर आणा. टेबलावर, खुर्चीत बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर. एका घरात आजोबांनी आधी नकार दिला, देव हलवायचे नाहीत म्हणून. त्यांच्या मुलाने गुरुजींना बोलावून रीतसर देव टेबलावर मांडून घेतले. खर्च एक नारळ. आजोबा तेव्हापासून रोज खोलीतून देवापर्यंत वॉकरने चालत यायचे. फिजिओथेरपिस्टचं ते ऐकत नव्हते.

व्यायामही असाच होतो. पायाचा पंजा खाली-वर करायला सांगितलाय ना? जपमाळ हातात द्या, एका मण्याला एकदा. २० मणी झाले की विश्रांती. खुर्चीतून उठून उभं राहणं, एका ओवीला एकदा. दुपारी वाती वळायला द्या, शेंगा सोलायला द्या. वेळ जावा म्हणून हे सांगत नाही. बोटं चालतात, डोळा-हात जुळतो, आणि त्यांनी वळलेली वात संध्याकाळी खरंच देवापुढे लागते. पलंगावर नुसतं टीव्ही बघत ठेवलेल्या माणसाचे स्नायू फार लवकर जातात.

एकादशी. त्यांना ग्लिमेपिराइड चालू आहे. ही गोळी पोटात अन्न असो-नसो साखर उतरवते, म्हणून नेहमीची गोळी आणि कडक उपास हे एकत्र चालणारच नाही. येत्या एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारा, त्या दिवशी गोळी किती आणि कधी. उपास मोडा म्हणून घरच्यांनी सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत. त्यांच्या भजनी मंडळातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईचा फोन लावून द्या. आजारी माणसाला उपासातून मोकळीक असते, हे तिच्या तोंडून पटतं. तरीही करायचाच असेल तर साबुदाणा बाजूला ठेवा, तो नुसता पिठूळ आहे आणि साखर भराभर चढवतो. दूध, घट्ट दही, राजगिऱ्याची लापशी, थोड्या भगरीबरोबर दाण्याची आमटी, असं दर ३ तासांनी थोडं थोडं द्या. अचानक घाम, थरथर, गोंधळ दिसला तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि डॉक्टरांना फोन. या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

एरवीच्या जेवणात प्रथिनं वाढवा. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ४५ किलोच्या बाईला साधारण ४५ ते ५४ ग्रॅम. चहा-बिस्किटांवर ते होत नाही. घट्ट वरण, दही, पनीर, दाण्याचं कूट, डाळ्याचं पीठ, जे रुचेल ते.

पाण्याबद्दल मात्र मी जरा कडक आहे. त्या तांब्याने वरून पाणी पितात, भांडं उष्टं होऊ नये म्हणून. मान मागे टाकली की गिळताना श्वासनलिका उघडी राहायचा धोका वाढतो, आणि अशक्त माणसाचं पाणी फुप्फुसात जातं. वेगळं फुलपात्र फक्त त्यांच्यासाठी ठेवा, रोज घासा, ओठाला लावून प्यायला सांगा. उष्ट्याचा प्रश्नच उरत नाही. पिताना आणि जेवताना ताठ बसलेलं हवं, हनुवटी किंचित खाली, आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. बऱ्याच आजी पाणीच कमी पितात, कारण लघवीला न्यायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. दर २ तासांनी तुम्हीच विचारा, त्यांच्या हाकेची वाट बघू नका. डायपर रात्रीपुरता ठेवा.

आता मावशी. "तिच्या हातचं पाणी नको" यामागे काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला कळलं. म्हाताऱ्या माणसाच्या सवयी जपायच्या, हे मी इतका वेळ सांगतेय. ही सवय मी जपायला सांगणार नाही. मावशीला वेगळा कप देऊ नका, तिला तिची जात विचारू नका, सासूबाईंनी विचारलं तर उत्तर देऊ नका. तुमच्या यजमानांनी सासूबाईंसमोर बसून मावशीच्या हातचा चहा प्यावा आणि "ही आपल्या घरातली आहे" असं मोकळ्या आवाजात सांगावं. मुलाचा शब्द अशा ठिकाणी सुनेच्या शब्दापेक्षा जास्त चालतो. पहिले काही दिवस पाणी तुम्ही भरून ठेवा, आणायचं काम मावशीचं. हळूहळू होतं. पण मावशीचा अपमान झाला तर त्याच दिवशी तिची माफी मागा, घरातल्या कर्त्या माणसाने. जी बाई १२ तास तुमच्या आईची विष्ठा काढते, तिला दुपारी अर्धा तास पाठ टेकायला आणि बसून जेवायला मिळतंय का, तेही बघा.

पाठीकडे रोज बघा. पलंगावर असताना दर २ तासांनी कूस बदला, पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी लावून थोडं कलतं. ऑपरेशन झालेल्या बाजूबद्दल सर्जनला विचारा. माकडहाड, टाचा, दोन्ही खुबे बघा. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर फिका झाला नाही तर जखमेची ती सुरुवात आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघा: ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा कडक लागते का, जांभळट दिसते का. आम्हाला शिकताना स्पिरिट-पावडरने पाठ चोळायला सांगायचे. मी ते वर्षानुवर्षं केलं. आता ते करत नाहीत: स्पिरिटने कातडी कोरडी पडते, आणि लाल झालेली जागा चोळली तर आतलं मांस आणखी दुखावतं. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको.

आणि शेजारणीने सुचवलेली मालीशवाली सध्या बोलावू नका. ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि तिथे जोर लावून चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एक पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर हात न लावता डॉक्टर. डोक्याला तेल घाला, वेणी घाला, तळहातांना तेल लावा. ते तुम्ही स्वतः करा, मावशीवर सोडू नका.

खर्चाचं विचारलंत: ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार होतात. घरच्या मावशीचा पगार त्यात बसत नाही, पण पुन्हा भरती करायची वेळ आली तर हाताशी असू द्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

उद्या डॉक्टरांकडे जाऊन आलात की सोडियमचा आणि लघवीचा रिपोर्ट काय आला ते इथे लिहा. आणि परवा सकाळी आंघोळीनंतर त्यांनी काय खाल्लं तेही.