रोज पित्त उठतंय, पण डॉक्टरांपुढं गेलं की गायब!

प्रश्न : डॉक्टर, दीड वर्ष झालं रोज दिवस कलला की अंगावर गांध्या उठतात, परकराच्या नाडीखाली तर लईच. रात्रभर खाजवायचं आन् सकाळी दवाखान्यात जाईस्तोवर अंग साफ, दाखवू काय? रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट केली, त्यात शेंगदाणे, वांगी, हरभरा सगळं बंद सांगितलं. सहा महिने पाळलं, काही फरक नाही. कापूस वेचायच्या दिवसांत कंबरेची गोळी घेते तेव्हा जास्त उठतं असं वाटतं.
– एक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, आधी जेवायला लागा. खाण्याची अ‍ॅलर्जी असली तर खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत उठतं, दीड वर्ष रोज संध्याकाळी नाही. त्या टेस्टमध्ये एखादी गोष्ट पॉझिटिव्ह आली म्हणून गांध्या तिच्यामुळंच असं होत नाही, आणि या पित्ताचा अ‍ॅसिडिटीशीही संबंध नाही.

6 आठवड्यांच्या वर चाललं की आम्ही त्याला जुनाट म्हणतो, आणि त्यात रोगाचं निदान निम्म्याहून जास्त तुमच्या सांगण्यावरच होतं. म्हणून आज एक गांधी उठली की तिच्याभोवती पेननं गोल करा, वेळ लिहा, मोबाईलवर फोटो काढा. 24 तासांच्या आत ती जागा साफ झाली तर साधं पित्त, पण तिथंच राहिली, खाजेपेक्षा दुखली, काळानिळा डाग ठेवून गेली तर रक्तवाहिन्यांची सूज असू शकते, मग कातडीचा तुकडा तपासावा लागतो.

नाडीचं लिहिलंत ते फार कामाचं. काहींना नुसत्या घासण्यानं, दाबानं उठतं, त्यांच्या पाठीवर पेनच्या टोपणानं रेघ ओढली की 10 मिनिटांत ती दोरीसारखी फुगते. ही तपासणी डॉक्टरांकडंच करा, आणि खाजेची गोळी त्याआधी किती दिवस बंद ठेवायची ते त्यांनाच विचारा. कंबरेच्या गोळीचं रिकामं पाकीट नक्की सोबत न्या, कारण डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी काहींचं पित्त भडकतं.

आठवडाभर वहीत रोज दोन आकडे लिहा. गांध्या नाहीत 0, वीसच्या आत 1, पन्नासपर्यंत 2, त्यावर 3, आणि खाजेलाही तसेच, अजिबात नाही 0 ते खूप जास्त 3. आठवड्याची बेरीज 42 पैकी किती, यावरून औषध वाढवायचं का ते ठरतं. रक्ताचं म्हणाल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (अंगातली सूज कळते), टोटल आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रथिन) आणि थायरॉईडची अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध उठलंय का ते कळतं), सुरुवातीला एवढं बास.

आणि ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर मात्र आमसूल चोळत बसू नका, तडक मोठा दवाखाना गाठा.