अरस नदीच्या अल्याड-पल्याड

इस्फहानवरच्या माझ्या लेखानंतर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : इराणी, अझेरी आणि आर्मेनियन हे एकमेकांचे कोण लागतात? त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न : इराण शियापंथी, अझरबैजानही शियापंथी. आर्मेनिया ख्रिस्ती. तरी इराणचं आर्मेनियाशीच जास्त जमतं असं वाचनात येतं. असं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : यासाठी थोडं मागे जावं लागेल. १५०१ साली शाह इस्माईल वायव्य इराणमधल्या तबरीझ शहरात गादीवर बसला आणि त्यानं शिया पंथ राज्याचा धर्म म्हणून जाहीर केला. इराण शिया झाला तो तिथून. हा इस्माईल 'खताई' या नावानं तुर्की भाषेत कविता करायचा. म्हणजे आज ज्यांना आपण अझेरी म्हणतो, त्यांच्या भाषेत लिहिणाऱ्या राजानं इराणला त्याचा आजचा पंथ दिला. फारसी आणि अझेरी ही तेव्हापासून एकाच घरातली माणसं.

मग १८१३ आणि १८२८ च्या तहांत रशियानं अरस नदीच्या उत्तरेचा मुलूख इराणकडून घेतला आणि एकच भाषा बोलणारे लोक दोन काठांवर वाटले गेले. उत्तरेकडचे आधी झारच्या आणि मग सोव्हिएत सत्तेखाली राहिले. मशिदी बंद झाल्या, लिपी बदलली. १९९१ मध्ये स्वतंत्र झालेला अझरबैजान नावानं शिया असला तरी त्याचं राज्य धर्मनिरपेक्ष आहे आणि मौलवींनी कारभारात बोलावं हे तिथल्या सरकारला मुळीच खपत नाही. दक्षिणेकडचे अझेरी मात्र इराणमध्येच राहिले. त्यांची संख्या उत्तरेकडच्यांपेक्षा जास्त आहे. २०२४ मध्ये निवडून आलेले इराणचे अध्यक्ष पेझेश्कियान हे अझेरी वडिलांचे पुत्र.

तेहरानची धास्ती इथेच आहे. अझरबैजानची राजधानी बाकू इथे कुणी 'दक्षिण अझरबैजान' असा शब्द उच्चारला की तेहरानला आपला देश फुटण्याची भीती वाटते. त्यात बाकूची तुर्कस्तानशी सख्खी मैत्री, आणि इस्रायलला तेल विकून त्याच्याकडून शस्त्रं घेण्याचा व्यवहार. उलट आर्मेनियाची तुर्कस्तान आणि अझरबैजानकडची दारं १९९० च्या दशकापासून बंद आहेत. त्याला उरले दोनच रस्ते, जॉर्जिया आणि इराण. इराणचा गॅस आर्मेनियात जातो, बदल्यात वीज येते. इराणलाही उत्तरेकडे जायला अझरबैजान-तुर्कस्तानला टाळून जाणारी ही एक वाट हवीच आहे.

पण म्हणून इराण सरळ आर्मेनियाच्या बाजूनं आहे, असं समजू नका. आर्मेनिया आणि अझरबैजान ज्या काराबाख प्रदेशासाठी लढले, तो अझरबैजानचाच भाग, ही तेहरानची अधिकृत भूमिका कायम होती. २०२० च्या युद्धात तबरीझच्या रस्त्यांवर बाकूच्या बाजूनं घोषणा झाल्या आणि अझेरी प्रांतांतल्या बड्या मौलवींनीही तसंच पत्रक काढलं. मे १९९२ मध्ये तेहराननं दोघांना समोरासमोर बसवून समेटाचा प्रयत्न केला होता. त्याच सुमारास आर्मेनियन फौजांनी काराबाखमधलं शुशा शहर जिंकलं आणि मध्यस्थाचं तोंड तिथंच पडलं.

प्रश्न : इराणसारख्या देशात ख्रिस्ती आर्मेनियन लोक कसे राहतात? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मी इस्फहानला फारसी शिकत होते तेव्हा तिथल्या नवं जुल्फा या आर्मेनियन वस्तीत एका आर्मेनियन बाईंकडे भाड्यानं राहत होते. त्यांचा नाताळ ६ जानेवारीला. त्या दिवशी शेजारच्या मुसलमान घरातून पिस्त्याची मिठाई यायची, आणि मोहरममध्ये बाई स्वतः आपल्या घरातला रेडिओ बंद ठेवायच्या. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. भाजीवाला तबरीझकडचा. त्याच्याशी घासाघीस करताना बाई फारसी सोडून सरळ तुर्कीत शिरायच्या, आणि भाव उतरायचा.

हे लोक तिथे आले ते मात्र स्वखुशीनं नव्हे. १६०४-०५ मध्ये शाह अब्बासनं ऑटोमन सैन्याच्या हाती काही लागू नये म्हणून अरसकाठचा मुलूख उजाड केला आणि जुल्फा शहरातल्या आर्मेनियन लोकांना इस्फहानला हलवलं. नदी ओलांडताना आणि पुढच्या वाटेवर असंख्य माणसं मेली. नवं जुल्फा पाहायला जाणारे पर्यटक शाहच्या सहिष्णुतेचं कौतुक करतात, तेव्हा मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं. मात्र वसवल्यावर शाहनं त्यांना रेशमाचा व्यापार दिला, चर्च बांधू दिली. वांक कॅथीड्रलचा घुमट बाहेरून मशिदीचा वाटतो, आत पाऊल टाकलं की भिंतभर येशूचं चरित्र. १६३८ मध्ये इथल्या छापखान्यात स्तोत्रांचं पुस्तक छापून निघालं. इथलेच व्यापारी सुरत, मद्रास, मुंबईपर्यंत पसरले. फोर्टातलं १७९६ चं आर्मेनियन चर्च ही त्यांच्याच पेठेची खूण. मुंबईकरांनी ते एकदा तरी पाहावं.

आज इराणच्या संसदेत आर्मेनियन लोकांसाठी दोन जागा राखीव आहेत. ज्यू आणि झरतुष्ट्री यांना प्रत्येकी एक. त्यांच्या शाळा आहेत, क्लब आहेत, घरच्यापुरती दारू गाळायला हरकत नाही. मर्यादाही तेवढ्याच खऱ्या आहेत : स्त्रियांना हिजाबाचा कायदा लागू, मुसलमानाला ख्रिस्ती करून घेणं गुन्हा, वरिष्ठ पदांची वाट बंद. दर पिढीत बरेच जण देश सोडतात. माझ्या घरमालकीणबाईंची मुलंही कॅलिफोर्नियात गेली.

प्रश्न : बाकूचं अग्निमंदिर पारशांचं आहे ना? – एक वाचक, डहाणू

उत्तर : बाकूजवळच्या सुराखानीचं हे अग्निमंदिर, म्हणजे आतेशगाह, आज दिसतं ते सतराव्या-अठराव्या शतकातलं, आणि बांधलं ते मुख्यतः मुलतान, पंजाब, सिंधकडच्या आपल्या व्यापाऱ्यांनी. जमिनीतून वायू येऊन आपोआप ज्वाळा निघत, तिथं त्यांना ज्वालादेवी दिसली. भिंतींवर देवनागरी आणि गुरुमुखी शिलालेख आहेत, 'श्री गणेशाय नमः' नं सुरू होणारेही. मुंबईचे थोर पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ मध्ये तिथं गेले आणि हे आपल्या धर्माचं आतेशगाह नाही, असा स्वच्छ निर्वाळा देऊन आले. स्वतःच्या समाजाला हवंहवंसं वाटणारं उत्तर बाजूला ठेवायला धैर्य लागतं. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

प्रश्न : आर्मेनियन आणि अझेरी कायमचेच वैरी आहेत का? – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नाहीत. अठराव्या शतकातला आर्मेनियन कवी-गायक सायत-नोवा यानं अझेरी तुर्कीतही गाणी रचली. सोव्हिएत काळात बाकूमध्ये दोघांत लग्नं होत. १९८८ मध्ये काराबाखचा वाद पेटला, अझरबैजानातल्या सुमगाईतमध्ये आर्मेनियनांची कत्तल झाली, आर्मेनियातून अझेरींना पळावं लागलं. १९९२ मध्ये काराबाखमधल्या खोजालीत अझेरींची कत्तल झाली. लाखो अझेरी निर्वासित झाले आणि २०२३ च्या सप्टेंबरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन काराबाख सोडून गेले. दोन्हीकडच्या शाळांत यातला अर्धाच भाग शिकवला जातो.

पण १९८९ मधली एक गोष्ट तू लक्षात ठेव. अझरबैजानातलं केरकेंज हे आर्मेनियन गाव आणि आर्मेनियातलं किझिल-शाफाग हे अझेरी गाव. दंगली आपल्या दारात येण्याआधी दोन्ही गावच्या मंडळींनी आपसात बोलणी केली, घरांच्या बदल्यात घरं घेतली आणि अख्ख्या गावांची अदलाबदल केली. एकमेकांच्या पूर्वजांच्या कबरी जपायच्या, असं वचनही दिलं. हे कुठल्याही सरकारनं करून दिलेलं नव्हतं.

अझरबैजानच्या नखचिवान प्रांतात, त्याच जुन्या जुल्फाच्या कबरस्तानात, आर्मेनियनांचे कोरीव क्रूसदगड हजारोंनी होते. २००५ च्या डिसेंबरात उरलेसुरले दगड फोडताना सैनिक दिसतात, ते चित्रण नदीच्या इराणी काठावरून झालेलं आहे. मेलेल्यांचीही खूण नको, इतका राग माणसांचा नसतो, तो राज्यकर्त्यांनी जोपासलेला असतो, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी येरेवानला चालली आहे. तिनं काय पाहावं? – एक पालक, सातारा

उत्तर : आर्मेनियाची राजधानी येरेवानजवळचं एचमियाद्झिन पाहायला मैत्रिणी नेतीलच. ३०१ मध्ये आर्मेनियाच्या राजानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला असं परंपरा सांगते, आणि आर्मेनियन चर्चचं हे मुख्य ठिकाण. तिला शहराच्या मधोमध असलेल्या निळ्या मशिदीतही जाऊ द्या. १७६० च्या दशकात येरेवानच्या खानानं ती बांधली, सोव्हिएत काळात तिथं संग्रहालय होतं आणि १९९० च्या दशकात इराणनं तिची डागडुजी केली. तिथं तिला 'फारसी मशीद' असं सांगितलं जाईल. त्या काळी येरेवानमध्ये तुर्की बोलणारे मुसलमान मोठ्या संख्येनं राहत होते आणि तिथं नमाज पढत होते, हे तिला जाण्याआधी तुम्हीच सांगून ठेवा.