तुरुंगातल्या माणसाला आपल्यावर अन्याय झाला असेच वाटते का, आणि जुन्या मित्राने त्याला पत्र लिहावे का?

तुमचे शाळेपासूनचे एक मित्र गेले दहा महिने एका मध्यवर्ती कारागृहात न्यायाधीन बंदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. आतल्या माणसांना आपल्यावर अन्यायच झाला असे वाटत असते का, असे तुम्ही विचारले आहे. मध्ये अनेक वर्षे संबंध नसताना आता पत्र पाठवले, तर त्यांना बरे वाटेल की ओशाळल्यासारखे होईल, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो: लिहा. पहिल्या प्रश्नासाठी मात्र थोडा वेळ घ्यावा लागेल.

मी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत हिशेबनीस होतो. संस्थेत अपहार झाला, कागदांवर संचालकांच्या सह्यांखाली माझ्याही सह्या होत्या, त्यामुळे मीही आरोपी झालो. 2016 ते 2019 या काळात दोन वर्षे सात महिने आत काढल्यावर माझी निर्दोष सुटका झाली. माझ्या प्रकरणाविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. मात्र लिहिता येणारा आणि आकडेमोड जमणारा माणूस म्हणून बराकीतले लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत, आणि त्याहूनही जास्त वेळा दिवस मोजून घ्यायला येत. अटक कोणत्या तारखेची, आतापर्यंत किती दिवस झाले, कलमाची कमाल शिक्षा किती, तिचा निम्मा काळ कधी भरतो, शिक्षेतली माफी किती जमा झाली, संचित रजेसाठी (फर्लोसाठी) अर्ज करण्याइतके दिवस कधी पूर्ण होतात, असे हिशेब मी वहीच्या पाठच्या पानांवर शेकड्यांनी केले आहेत. पुढे लिहीत आहे ते त्या हिशेबांच्या निमित्ताने कानावर पडलेले आहे.

‘मी काहीच केलेले नाही’ असे सांगणारे आत बाहेरच्यांना वाटते तितके नसतात. बरेच जण सरळ म्हणत, ‘केलं ते केलं, पण...’ आणि अन्यायाची खरी तक्रार या ‘पण’च्या पुढे असे. पण माझ्या सहआरोपीला वकील चांगला मिळाला आणि तो तीन महिन्यांत बाहेर गेला. पण मला कोर्टात नेलेच नाही. पण माझा अर्ज कोणाकडे अडकला आहे, हे कोणी सांगत नाही. शिक्षा जड आहे ही तक्रार मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकली. ती कधी सुरू झाली आणि कधी संपणार हे कळत नाही, ही तक्रार मात्र जवळजवळ प्रत्येकाची होती.

यामागचे कारण आकड्यांत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 जणांचा खटला अजून संपलेला नव्हता. कारागृहांची एकूण क्षमता होती 4,36,266. म्हणजे शंभरांतील सुमारे शहात्तर माणसे दोषी की निर्दोष हे ठरण्याच्या आधीच आत होती, आणि या कच्च्या कैद्यांनीच सगळी जागा जवळपास भरून टाकली होती. आत खटला चालू असलेले ते ‘कच्चे’ आणि शिक्षा झालेले ते ‘पक्के’ अशी बोलण्याची रीत आहे. अनुभव असा, की पक्का झालेला माणूस पुष्कळदा कच्च्यापेक्षा शांत असतो, कारण त्याच्याकडे निदान मोजायला एक आकडा असतो.

कच्च्या कैद्याचे आयुष्य तारखेभोवती फिरते. तारखेच्या आदल्या रात्री माणूस दाढी करतो आणि जपून ठेवलेला सदरा काढतो. सकाळी कळते, की कोर्टात नेणारी पोलीस पार्टी आलेली नाही, म्हणजे आज जाणे नाही. काही तारखा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, होतात. तिथे पडद्यावर न्यायाधीश क्षणभर दिसतात, पुढची तारीख सांगितली जाते, आणि खुर्ची पुढच्या माणसासाठी रिकामी करावी लागते. माझ्या शेजारच्या गृहस्थांना सलग सहा तारखांना प्रत्यक्ष नेले गेले नव्हते. त्यांचा राग न्यायाधीशांवर नव्हता, पोलिसांवरही नव्हता. ‘माझं म्हणणं काय आहे हे अजून कोणी विचारलेलंच नाही,’ एवढेच ते म्हणत.

एका तरुणाची गोष्ट मला अजून टोचते. मोबाइल चोरीचा गुन्हा होता आणि कलमाची कमाल शिक्षा तीन वर्षे. तो अकरा महिने आत असताना माझ्याकडे हिशेबाला आला. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे निम्मा काळ, म्हणजे अठरा महिने, भरल्यावर जामिनाचा हक्क तयार होत असे. त्याच्यासाठी जामीनदार म्हणून उभे राहणारे कोणी नव्हते. दोन महिन्यांनी त्याने गुन्हा कबूल केला; न्यायालयाने ‘भोगली तेवढीच शिक्षा’ दिली आणि तो त्याच आठवड्यात सुटला. चोरी त्याने केली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. माहीत आहे ते एवढेच, की ‘नाही’ म्हणणे त्याला निदान आणखी पाच महिन्यांना पडले असते आणि ‘हो’ म्हणणे फुकट होते. बराकीत याला कोणी अन्यायही म्हटले नाही, सगळ्यांनी त्याला शहाणा म्हटले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीसाठी हा काळ एक तृतीयांशावर आणला आहे आणि तो भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळले आहेत. ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत त्यालाही ही सवलत नाही, आणि किरकोळ चोऱ्यांत अडकलेल्या मुलांवर बहुधा एकाहून अधिक प्रकरणे असतातच. तुमच्या मित्राचा पहिलाच गुन्हा असेल, तर त्यांच्या वकिलांना या कलमाविषयी अवश्य विचारा.

जामीन मंजूर होऊनही आत राहणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि बाहेरच्यांना ही गोष्ट पटवून देणे सर्वांत कठीण जाते. न्यायालय ‘सोडा’ म्हणते, पण ऐपतदार जामीनदार हवा असतो. जालना किंवा नांदेडहून शहरात बांधकामावर आलेल्या माणसाला सातबारा घेऊन त्याच्यासाठी उभा राहणारा कोण मिळणार? 1978 मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचे असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले होते. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला तर तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले होते. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्यानंतर चाळीस वर्षांनीही आमच्या बराकीत तीच अडचण होती. केंद्र सरकारने 2023 मध्ये गरीब बंद्यांसाठी योजना आणली असून तीत जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षेतील दंड भरण्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद तेव्हा केली होती. कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. हे हक्क माहीत नसलेलीच माणसे आत जास्त भेटली.

पक्क्यांपैकी एकाविषयी सांगतो. बांधावरून झालेल्या भांडणात त्यांच्या हातून सख्खा भाऊ मारला गेला होता आणि जन्मठेप झाली होती. ‘शिक्षा बरोबर आहे,’ असे ते कोणी न विचारता म्हणत. त्यांची तक्रार एकच होती. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी केलेला अभिवचन रजेचा (पॅरोलचा) अर्ज नामंजूर झाला, आणि त्यामागचे कारण त्यांना चार महिन्यांनी कळले: ते आल्यास गावात शांतता बिघडेल असा पोलिसांचा अहवाल होता. ‘नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, वेळेवर म्हणायला हवं होतं. मी लग्नाच्या दिवशी सकाळपर्यंत तयार होतो,’ असे ते सांगत. ही गोष्ट त्यांनी माझ्यापाशी किमान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी ‘सकाळपर्यंत’ या शब्दावर ते थांबत.

(आत माणसे फुकटचे खातात, हे वाक्य सुटल्यानंतर मी पुष्कळदा ऐकले आहे. त्याला उत्तर देण्याचा उत्साह आता उरलेला नाही.)

आता संबंध टिकण्याविषयी. माझी पत्नी दर पंधरवड्याला चार तास एसटीने प्रवास करून मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, येत असे. रांग, ओळखपत्र, नोंद, नाव पुकारले जाण्याची वाट, आणि मग काचेपलीकडे पंधरा-वीस मिनिटे. त्यातली पहिली पाच मिनिटे फोनमध्ये नीट ऐकू येते की नाही यात जात आणि शेवटची पाच ‘वेळ संपली का’ या धास्तीत. मधल्या वेळात दोन्ही बाजू खोटे बोलत असू. मी म्हणे जेवण बरे आहे, ती म्हणे घरी सगळे ठीक आहे. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा तिने काही न बोलता गुणपत्रिका काचेला लावून धरली, आणि मी एकेक विषय वाचत गेलो. एवढ्या सगळ्या मुलाखतींतली खरी म्हणता येईल अशी मला हीच एक आठवते.

पत्रात माणूस कमी खोटे बोलतो, असे माझे निरीक्षण आहे. आमच्याकडे मराठवाड्यातले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना वाचता येत नसे, म्हणून त्यांच्या पुतण्याची पत्रे मी वाचून दाखवत असे. त्यातले ‘विहिरीला पाणी लागले’ हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीन दिवस रोज वाचून घेतले. किती पुरुष खोलीवर लागले, चव कशी आहे, मोटर कोणती बसवली, असे प्रश्न त्यांनी उत्तरात लिहवून घेतले, आणि पुढचे पत्र येईपर्यंत त्यांच्या बोलण्यात खटल्याऐवजी विहीर होती. ज्याला कोणाचेच पत्र येत नाही, तो दुसऱ्याला आलेले पत्र ऐकायला येऊन बसतो. परप्रांतीय आणि परदेशी बंद्यांना तर मुलाखतही नसते. त्यांच्यासाठी संगणकावरची ई-मुलाखत ही खरोखर मोठी सोय झाली आहे.

बाहेरच्याशी संबंध ठेवणे ही मेहेरबानी आहे, असे आत पुष्कळांना वाटते आणि बाहेरच्यांनाही वाटते. कायदा तसे म्हणत नाही. फ्रान्सिस कोरॅली मुलिन यांच्या प्रकरणात 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबीयांची आणि वकिलाची भेट हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याआधी फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांनी तिहारमधून दुसऱ्या एका बंद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्रच न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले होते. मराठी माणसाला जवळचे वाटावे असे उदाहरण त्याहून जुने आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवायला सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने आणि 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो नकार बेकायदा ठरवला. अणूची माहिती घरी पाठवण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले, हे वाचून मी आत असताना मनापासून हसलो होतो.

आपल्याकडे याच्या पलीकडचा प्रयोगही झाला आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंद्यांची मुक्त वसाहत उभी केली. तिथे बंदी शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. माणसाला घरापासून न तोडताही शिक्षा भोगायला लावता येते, हे सांगली जिल्ह्यातल्या त्या माळरानावर इतकी वर्षे दिसत असताना बाकी सगळीकडे काच आणि जाळी का, हा प्रश्न मला पडतो. अलीकडे काही कारागृहांत सिद्धदोष बंद्यांना लहान मुलांना जवळ घेता यावे म्हणून ‘गळाभेट’ हा उपक्रम होतो. तो चांगला आहे. पण कच्चा कैदी, ज्याला कायदा अजून निर्दोष मानतो, तो काचेपलीकडेच राहतो.

तर तुमच्या पत्राविषयी. मित्र ओशाळतील का? पहिल्या दिवशी कदाचित ओशाळतील. मलाही एका जुन्या सहकाऱ्याचे पत्र आले तेव्हा मी ते दोन दिवस उघडे असूनही वाचले नव्हते. ‘उघडे’ म्हणतो, कारण पत्र कार्यालयात वाचूनच आत येते. म्हणून खटल्याविषयी, साक्षीदारांविषयी, वकिलांच्या डावपेचांविषयी एक शब्दही लिहू नका, आणि ‘खरे काय घडले’ हे तर विचारूच नका. ‘धीर धर, सत्याचा विजय होतो’ हेही नको. ते सगळे जण लिहितात. शाळेसमोरचे झाड तोडले का, कोणाच्या मुलीचे लग्न झाले, यंदा पाऊस कसा आहे, तुमच्या गुडघ्याचे काय झाले, असे लिहा आणि एखादा प्रश्न विचारा, म्हणजे त्यांना उत्तर द्यायला विषय मिळेल. जे पाळता येणार नाही ते आश्वासन देऊ नका. महिन्याला एक पत्र जमणार असेल तर महिन्याला एकच लिहा, पण ते चुकवू नका, कारण आत त्याचेही दिवस मोजले जातील.

पाकिटावर मित्राचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, ‘न्यायाधीन बंदी’ हे शब्द, बंदी क्रमांक आणि बराक माहीत असल्यास तेही, आणि त्याखाली ‘द्वारा अधीक्षक’ असे लिहून कारागृहाचा पत्ता घाला. उत्तर यायला तीन-चार आठवडे लागले तर मनाला लावून घेऊ नका, कारण जातानाही ते वाचले जाते. सोबत एक कोरे अंतर्देशीय पत्र घालता येते का, हे त्यांच्या घरच्यांकडून विचारून घ्या. आमच्या कॅन्टीनमध्ये ती महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत संपत असत.