आधी एसएमपीएस विचार

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. मॉनिटर सोडून ८० हजार हातात आहेत. बाबा म्हणतात तयार गेमिंग पीसी घे, वर्गातली मुलं म्हणतात सुटे भाग आणून जोड. माझं मत विचारलंस, तर मी आधी तिसऱ्या वर्षाचा विचार करते. मे महिन्यात आपल्या इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्याच्या तोंडावर वीज ये-जा करते, आणि एका संध्याकाळी मशीन सुरूच होत नाही. त्या दिवशी ते कोण उघडणार, त्यातला कोणता भाग बदलता येणार आणि तो कुठे मिळणार, हे घेतानाच माहीत हवं.

तयार पीसीची जाहिरात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन नावांवर चालते. बाकीचं ‘१६ जीबी रॅम, ६०० वॅट’ एवढ्यात उरकलेलं असतं, आणि पैसा वाचवतात तो नेमका तिथेच. ८ जीबीच्या दोन पट्ट्यांऐवजी १६ ची एकच लावली की रॅम एकाच चॅनेलवर, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेने चालते. खेळताना चित्र अडखळतं आणि दोष मात्र ग्राफिक्स कार्डाला दिला जातो. कार्डाचंही नाव अर्धंच सांगतात. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ जीबी मेमरीतही येतं आणि १६ जीबीतही. डब्यावरचं मोठं अक्षर दोन्हीकडे तेच. नव्या खेळांत टेक्स्चर, म्हणजे चित्रातल्या पृष्ठभागांचा बारकावा, वाढवलं की ८ जीबी भरून जाते, म्हणून हा आकडा विचारल्याशिवाय पुढे बोलूच नकोस.

पण सगळ्यात आधी एसएमपीएसची, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची, कंपनी आणि मॉडेल विचार. नुसते वॅट सांगितले तर समजून घे की सांगण्यासारखं काही नाही. ‘८० प्लस’चा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते. व्होल्टेज चढलं तर तो वेळेवर बंद पडेल का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. आणि हलक्या दर्जाचा एसएमपीएस जातो तेव्हा कधीकधी मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेतो. ही काटकसर मला खरंच संताप आणते, कारण पहिल्या दिवशी ती कुणालाच दिसत नाही.

दुसरी चौकशी मापाची. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हा आराखडा आणला, म्हणून आज कुठल्याही कंपनीचा बोर्ड त्या मापाच्या कुठल्याही साध्या कॅबिनेटमध्ये बसतो. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये मात्र बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्या स्वतःच्या आकाराचे असतात. वॉरंटी संपल्यावर असा भाग जेल रोडच्या बाजारात शोधत फिरलीस तरी मिळणार नाही.

तरी बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरना मेमरी पुरवण्यात कारखाने गुंतलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुन्या भावात भरलेला तयार पीसी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकतो. म्हणून आधी बेरीज कर, आणि तीत विंडोजच्या लायसन्सची किंमत धर. घरी जोडणारे ती हमखास विसरतात. तयार पीसी स्वस्त निघाला, मापं साधी असली आणि एसएमपीएसचं नाव बरं असलं, तर खुशाल घे. तू शिकायला पुण्याला निघाली असतीस, तरीही मी तयारच घे म्हटलं असतं, कारण परगावी एकच वॉरंटी आणि एकच फोन नंबर बरा.

पण तू इथेच राहणार आहेस, सुट्टी आहे, आणि स्क्रू काढून बघायची तुला आवड आहे. तू जोडच.

यादी तू कर आणि सिल्व्हर मॉलमध्ये दोन-तीन दुकानांत तीच यादी दाखव. दुकानदार बोलताना बाबांकडे बघेल. कागद तुझ्या हातात ठेव आणि उत्तरं तू दे. ‘ते नाही, पण हे त्याहून चांगलं’ असं ऐकलंस तर घरी येऊन तपास, तिथे हो म्हणू नकोस. बिल पक्कंच घे, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेलं. कच्च्या बिलात जीएसटीचे १८ टक्के वाचतील, पण ग्राफिक्स कार्डावर बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागताना खरेदीचा पुरावा लागतो.

प्रोसेसरसाठी एएमडी कंपनीचं एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, धर. २०२२ मध्ये आलेल्या या सॉकेटवर एएमडीचे पुढचे रायझन प्रोसेसरही बसतात, त्यामुळे नंतर बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. रायझन ५ ७६०० सोबत कूलर मिळतो, तेवढा खर्च वाचतो. कॅबिनेट पुढून जाळीचं आणि धूळ अडवणारी, काढून धुता येणारी गाळणी असलेलं हवं. माळव्यातली काळ्या मातीची बारीक धूळ पंख्यात थर करते. पुढून बंद काचेचं कॅबिनेट दिसायला छान, पण आपल्या उन्हाळ्यात ते नको. आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, तेव्हा १००० व्हीएचा बघ.

जोडताना घाई करू नकोस. एएम५च्या पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर वरून अलगद ठेव, दाबू नकोस. वाकलेल्या पिनांना सहसा वॉरंटी मिळत नाही. बोर्डावर रॅमच्या चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहील. मशीन तेव्हा रॅम ओळखत असतं. घाबरून बटण दाबू नकोस. नंतर बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो हा रॅमला तिचा पूर्ण वेग देणारा पर्याय चालू कर, नाहीतर ६००० वेगाची रॅम ४८०० वरच धावेल. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लाव, बोर्डाला नको. विंडोजमध्ये रिफ्रेश रेटही, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तेही, बघ, १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर ६० वर अडकलेला असू शकतो.

यादी झाली की मला पाठव, एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल लिहून. भाव विचारायला मगच जाऊ; बाबांना म्हणावं, काकूही येतेय.

तुझी काकू
इंदूर